चकातली चावी आणि कपाचा कान

ड्रिल मशीन सुरू करण्याआधी विनोद सांगून संपवावा, एवढं एक पथ्य धाकट्याने पाळलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण विनोदाचा शेवट आणि मशीनचं हिरवं बटण एकदम दाबायची त्याला हौस. शेवटचा शब्द आणि मशीनची घरघर एकाच वेळी सुरू झाली की ऐकणारे जास्त हसतात, असा त्याचा अनुभव होता.

त्या दिवशीही त्याने तेच केलं. मोठ्या मशीनमध्ये नवं ड्रिल बसवलं. ड्रिल जिथे बसतं त्याला चक म्हणतात. चक म्हणजे मशीनची मूठ. त्यात ड्रिल धरायचं, दातेरी चावीने मूठ आवळायची आणि चावी काढून घ्यायची. यातली पहिली दोन कामं धाकट्याने मन लावून केली. तिसऱ्याच्या वेळी विनोद रंगात आला होता. त्याने बटण दाबलं, आणि चकात तशीच राहिलेली चावी गोफणीतल्या दगडासारखी सुटली.

थोरला भाऊ दारापाशी चहा पीत उभा होता. चावी त्याच्या कानाजवळच्या कपावर आदळली. कानाजवळ कप कशाला, असं कुणी विचारेल. थोरल्याची ती सवयच होती. विनोद ऐकताना तो चहा पिणं विसरायचा आणि कप गालाला लावून शेकत राहायचा. कपाचा चुरा झाला, चहा सदऱ्यावर आला, चावी शटरवर ठण्णकन वाजून भंगाराच्या ढिगात गेली, आणि थोरल्याच्या बोटात कपाचा कान तेवढा अडकून राहिला.

मग धाकटा म्हणाला, "दादा, नशीबवान आहेस. तुझाही कान वाचला आणि कपाचाही."

कारखाना हसला. लेथवर काम करणारा, जो दिवसभर शीळ घालतो म्हणून ज्याला सगळे शिट्टी म्हणत, तो मशीनला टेकून हसला. थोरला स्वतः हसला. तो कपाचा कान बोटात धरून सगळ्यांना दाखवत होता. आपल्या कानाच्या बाजूने काय गेलं हे कळायला त्याला वेळ लागत होता, आणि तोवर हसून घ्यायला हरकत नव्हती.

मग सगळी मशीनं एकदम बंद पडू लागली. लेथचा आवाज खाली खाली गेला, पंखा मंद झाला. मेन स्विचपाशी वहिनी उभी होती.

भंगाराच्या ढिगाशी बसून तिने हाताने पत्र्याचे तुकडे बाजूला केले, चावी शोधली, चिंधीने पुसली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. मग नवऱ्यापाशी गेली. त्याची हनुवटी धरून, बाजारात वांगं निवडावं तसा त्याचा चेहरा एकदा इकडून आणि एकदा तिकडून पाहिला. एवढं सगळं झाल्यावर तिने तोंड उघडलं.

त्यानंतर जे झालं ते इथे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. शेजारच्या छापखान्यातले दोघे कागदाचे गठ्ठे हातात धरून आपल्या दारात ऐकत उभे राहिले, एवढं सांगितलं तरी पुरे. तिने शिट्टीला लांब बाह्यांवरून धरलं, नवऱ्याला चालू मशीनसमोर चहा पिण्यावरून धरलं, आणि सगळ्यांना हसण्यावरून धरलं. धाकटा मध्ये म्हणाला, की वहिनी, झालं काय एवढं, कप फुटला, नवा आणतो.

"हसण्यावारी नेऊ नका, भाऊजी," ती म्हणाली. "चावी दोन बोटं अलीकडून गेली असती तर आत्ता कानाचा विनोद कुणाला सांगत बसला असतात?"

मग तिने निकाल सांगितला. चावी चकात असताना ज्या दिवशी मोठ्या मशीनचं बटण दाबताच येणार नाही, त्या दिवशी भाऊजींनी मशीनवर यावं. तोवर मशीनला हात लावायचा नाही. तोवर कानस घ्यावी आणि तयार मालाच्या कडा घासाव्यात.

धाकट्याला वाटलं, दुपारपर्यंत उतरेल.

*

वहिनीचा राग उतरत नसे, कारण तो चढलेलाच नसे. बाकीच्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, येतो नि जातो. वहिनीचा राग हत्यारासारखा होता. पुसून, तेल लावून, जागच्या जागी ठेवलेला. काम पडलं की काढायचा, काम झालं की परत ठेवायचा.

शिवाय तो कशाकशावर येतो हे ठरलेलं होतं. जमिनीवर सांडलेलं तेल. सैल प्लग. बंद दाराला टेकवलेली शिडी. मशीनवर उभं राहताना गळ्यात लोंबणारा मफलर. यातलं काही दिसलं की ती समोरचा माणूस कोण हे पाहत नसे. एकदा मोठं काम घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तिने मफलर काढून खिशात कोंबायला लावला होता. गिऱ्हाइकाने तो कोंबला, कामही दिलं, आणि पुढच्या वेळी येताना दारातच मफलर काढला.

उलट जिथे कुणीही चिडावं तिथे ती चिडत नसे. नवी नवरी असताना नणंदेने तोंडावर सांगितलं होतं, की आमच्या दादाला याहून उजवी मिळाली असती. वहिनी म्हणाली, मिळाली असती तर तुम्ही आणलीच असती, आणि पोळी लाटत राहिली. सासरे तर तोंडाचे तिखट. सून कारखान्यात डबा घेऊन येते, इकडेतिकडे बघते, मधेच काहीतरी उचलून दुसरीकडे ठेवते, याचा त्यांना फार संताप यायचा. पण ती ठेवायची तिथे ती वस्तू दुसऱ्या दिवशी सापडायची. हळूहळू डब्याबरोबर ती लोखंड मोजायला बसू लागली, मग कापायला, आणि सासरे गेल्यावर कुणी न सांगता कारखान्याची घडी तिच्या हाती आली. थोरला मालक होता, हे खरं. तो तसं सांगायचाही. पण कुणी काही विचारलं तर आधी मान वळवून वहिनीकडे बघायचा आणि मग मालकासारखं उत्तर द्यायचा. कामगार, गिऱ्हाइकं, छापखान्यातले, सगळ्यांची ती वहिनीच.

तिच्या या रागामागे काहीतरी दुःखाची कहाणी असावी, अशी लोकांची फार इच्छा होती. कुणाचा तरी डोळा गेला असेल, कुणाचं बोट तुटलं असेल. शिट्टीने तर एक मामा तयार करून त्याचा हातही तोडून टाकला होता. प्रत्यक्षात तिच्या माहेरी सगळे धडधाकट होते. आई शिवणकाम करायची, एवढंच. त्या घरात सुई हरवली की सापडेपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. जो जिथे असेल तो तिथेच. वडील न्हाणीच्या दारात दाढीचा साबण वाळेपर्यंत उभे राहिलेले तिने पाहिले होते. सुई कुणाच्या पायात गेली म्हणून हा नियम झाला नव्हता. नियम होता म्हणून ती कुणाच्या पायात गेली नव्हती.

हे धाकट्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याला राग येत होता. ठाऊक असलेल्या गोष्टींवर जास्त राग येतो.

*

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या हातात कानस देऊन त्याला खिडकीखाली बसवणं म्हणजे काय असतं हे ज्याचं त्यालाच कळतं. धाकटा त्या मशीनवर वाढला होता. मशीन जुनं, उंच, करकर करत फिरणारं, म्हणून त्याला आजोबा म्हणत. आजोबाच्या पोटातून कुठला आवाज आला म्हणजे पट्टा सैल झालाय आणि कुठला आला म्हणजे ड्रिल बोथट झालंय, हे धाकट्याशिवाय कुणाला समजत नसे. त्याने पाडलेलं भोक म्हणजे भोक. बिजागरीची पट्टी बसवायला घेतली की बोल्ट स्वतःहून आत जायचा. आणि आता त्याच मशीनवर शिट्टी उभा होता. त्याची भोकं अशी पडत, की एका पट्टीतली भोकं दुसऱ्या पट्टीतल्या भोकांशी बोलत नसत.

जिन्याच्या कठड्यांचं काम आलं होतं. पट्ट्यांचा ढीग आजोबाशेजारी वाढत होता. धाकटा कानस मारता मारता त्या ढिगाकडे बघायचा आणि जोरात घासायचा. बाबांनी कधी माझ्या हातातून चावी घेतली नाही, असं तो थोरल्याला ऐकवायचा. थोरला म्हणायचा, बाबांना तुझी भीती वाटायची, हिला नाही वाटत. घरी बायकोपाशी मन मोकळं करावं म्हटलं तर ती म्हणाली, वहिनींनी नुसतं मशीन बंद केलं, मी असते तर आधी तोंड बंद केलं असतं.

शेवटी एकदा त्याने वहिनीला गाठलंच. ती लोखंडावर खुणा करत होती. तो म्हणाला, की इतकी वर्षं मी या मशीनवर आहे. काही झालं का? त्या दिवशीसुद्धा काही झालं का? कुणाला ओरखडा तरी आला का? मग राग कसला?

तिने खडू खाली ठेवला.

"झाल्यावर रडायचं असतं, भाऊजी. राग आधीच करून घ्यावा लागतो."

आणि पुन्हा खुणा करायला लागली. धाकट्याला यावर उत्तर संध्याकाळी सुचलं, पण ते फारसं बरं नव्हतं.

*

सगळ्या चाव्या रंगाच्या एका जुन्या डब्यात राहत. डब्यात हात घालायचा, जी येईल ती लावायची, नाही बसली तर दुसरी काढायची, आणि तीही नाही बसली तर पहिलीच ठोकून बसवायची, अशी पद्धत. वहिनीने तो डबा टेबलावर उपडा केला. मशीनं तीन होती. आजोबा, टेबलावरचं छोटं मशीन आणि हातातलं ड्रिल. चाव्या मात्र एखाद्या वऱ्हाडाएवढ्या निघाल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा कुणाच्याच नातेवाईक नव्हत्या.

तिने एकेक चावी एकेका चकाला लावून पाहिली. चावीचं नाक चकाच्या भोकात पूर्ण जायला हवं, आणि तिचे दाते चकाच्या दात्यांत नीट बसायला हवेत. जवळपास बसणारी चावी सगळ्यांत वाईट, असं तिचं म्हणणं. मुळीच न बसणारी निदान लगेच कळते. जवळपास बसणारी बसल्याचं सोंग करते, जोर लावला की घसरते, आपली बोटं सोलते आणि चकाचे दाते खाते. धाकट्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर अशा चाव्यांच्या खुणा होत्याच. त्याने हात टेबलाखाली घेतला.

झिजलेल्या चाव्या भंगारात चालल्या तेव्हा मात्र तो उठला. त्यातली एक बाबांच्या काळची होती.

"मग बाबांच्या फोटोशेजारी टांगा," वहिनी म्हणाली. "चकात नको."

थोरल्याने मध्यस्थी केली. त्याचं म्हणणं, की आजोबाची चावी मशीनलाच साखळीने बांधून टाकू. हरवायला नको, शोधायला नको. थोरल्याची कल्पना नेहमी अशी असे, की ऐकताना बरी वाटावी. वहिनीने फिरत्या चकाकडे बोट दाखवलं. साखळी त्यात गुंडाळली तर चावीला ओढेल, चावीला हात असेल तर हातालाही ओढेल.

"साखळीने चावी हरवणार नाही," ती म्हणाली, "हात हरवेल."

मग चाव्यांच्या खरेदीला वहिनी निघाली, आणि ओझं वाहायला धाकटा. ओझं म्हणजे तिन्ही मशीनची चकं. ती मशीनवरून काढून फडक्यात बांधून घेतली होती. चपलेच्या दुकानात जाताना पाय घरी ठेवून जातं का कुणी, असं तिने वाटेत विचारलं. धाकट्याने अबोला धरला होता, पण पिशवी त्याच्याच खांद्यावर असल्याने अबोल्याला फारसा रुबाब येत नव्हता.

दुकानदाराने चकं बघायच्या आधीच एक चार तोंडांची चावी काढून काउंटरवर ठेवली. सगळ्यांना चालते, म्हणाला. वहिनीने ती हातात घेऊन परत ठेवली. सगळ्यांना चालणारी चावी कुणालाच नीट चालत नाही, आणि तिची तीन तोंडं वापरताना हातात टोचतात, हे तिने सांगितलं. दुकानदार म्हणाला, लोक नेतात. ती म्हणाली, लोकांच्या बोटांना विचारलं का. इथून दुकानात पारा चढत गेला. तिने काउंटरवर फडकं सोडलं, चकं मांडली आणि एकेक चावी लावून बघायला सुरुवात केली. दात्यांवर नख फिरवायची, चावी बसवायची, सोडायची, हलवून बघायची. मागे माणसं खोळंबली. दुकानदाराने घाम पुसला. धाकट्याला पहिल्यांदा कुणाबद्दल तरी सहानुभूती वाटली.

शेवटी दुकानदाराने आतून स्प्रिंगवाल्या चाव्या आणल्या. या चावीची गंमत अशी, की दाबून धरली तरच ती चकात राहते. हात सोडला की स्प्रिंग तिला बाहेर ढकलते. वहिनीने ती बसवली आणि हात सोडला. चावीने काउंटरवर टुणकन उडी मारली. तिने पुन्हा बसवली, पुन्हा सोडली. पुन्हा उडी. दुकानात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

"बघा भाऊजी," ती म्हणाली, "हिला कळतं."

धाकट्याला ते लागलं. लोखंडाच्या तुकड्याशी आपली तुलना झाली, आणि तुकडा पहिला आला.

अशा दोन चाव्या घेतल्या. छोट्या मशीनची चावी त्याच्या बाजूला लाल रंगाच्या खाचेत राहायला गेली. खाच रिकामी असली की लांबूनही दिसायची. हातातल्या ड्रिलची चावी तिने रबरी पट्टीने वायरला बांधली, पण वायरच्या दुसऱ्या टोकाला, प्लगजवळ. चावी लावायची तर प्लग काढून हातात घ्यावाच लागायचा. आजोबाच्या मापाची स्प्रिंगवाली चावी मात्र मिळाली नाही. दुकानदाराने सांगितलं, इतक्या जुन्या मापाची बनत नाही. साध्यातली नवी, नीट बसणारी तेवढी मिळाली.

म्हणजे बाकी दोन मशीनं सुटली आणि आजोबा अडला. आजोबा अडला म्हणजे धाकटा अडला.

*

रागाने माणूस काय काय करतो. कुणी भांडी आपटतं, कुणी घर सोडून जातं. धाकट्याने पत्रा कापला. यांना काय हवंय, तर चावी चकात असताना बटण दाबता येऊ नये. ठीक. असं करतो, की बघत राहतील. दात-ओठ खात त्याने तराजूच्या दांडीसारखी एक पट्टी केली आणि हिरव्या बटणाशेजारी खिळीवर बसवली. पट्टीच्या एका टोकाला पत्र्याची झापड, ती बटणावर येईल अशी. दुसऱ्या टोकाला आकडा. आकड्याला आजोबाची वजनदार चावी टांगली की ते टोक खाली जायचं, झापड वर उठायची आणि बटण उघडं व्हायचं. चावी उचलली की झापड बटणावर पडायची. म्हणजे चावी घरी आल्याशिवाय मशीन चालूच होणार नाही. बंद करायचं लाल बटण त्याने मोकळंच ठेवलं. थांबायला कुणाची परवानगी कशाला.

थोरल्याने झापडेला पापणी असं नाव दिलं, आणि ते चिकटलं.

वहिनी पाहायला आली. तिने चावी टांगली, काढली, टांगली. पापणी पडलेली असताना तिच्याखालून बोट घालून बघितलं, खिळी हलवून बघितली, लाल बटण दाबून बघितलं. धाकटा हाताची घडी घालून उभा होता. कौतुक झालं तर ते कसं झिडकारायचं हेही त्याने ठरवून ठेवलं होतं.

"ठीक," ती म्हणाली, आणि गेली.

एका शब्दात. बाबासुद्धा दोन शब्द बोलले असते. धाकटा आजोबापुढे परत उभा राहिला, कठड्याच्या पट्ट्या भराभर संपू लागल्या, भोकं पुन्हा एकमेकांशी बोलू लागली, पण त्याचं मन त्या एका शब्दाला अडकून राहिलं. असल्या मनःस्थितीतच माणूस विनोद करतो.

वहिनी बाहेर गेली होती. धाकट्याने काही नट एका तारेत ओवून त्यांची माळ केली, चावी चकात लावली आणि माळ आकड्याला टांगली. पापणी उघडली. "बघ दादा," तो म्हणाला, "वहिनींच्या पहारेकऱ्याला लाच दिली." थोरला हसला, शिट्टी हसला. धाकट्याने चावी काढली, माळ काढली आणि खिडकीच्या कडेला टाकून दिली. मशीन काही त्याने तसं चालू केलं नाही. तेवढा तो शहाणा झाला होता. त्याला एवढंच दाखवायचं होतं, की हे मी केलंय, मला हवं तर मी ते फसवूही शकतो.

विनोद झाला, हसून झालं. माळ खिडकीत राहिली.

*

कठड्यांचा माल न्यायला गाडी यायची होती, आणि कारखान्यात घाई शिरली होती. धाकटा डबा खायला बसला तेवढ्यात शिट्टीने आजोबा हातात घेतला. त्याला लहान, मोठं, पुन्हा लहान अशी ड्रिलं बदलायची होती. प्रत्येक वेळी चावी आकड्यावरून काढा, लावा, परत टांगा. त्याला खिडकीत माळ दिसली.

धाकटा तोंड पुसत परत आला. शिट्टी लेथवर गेला होता आणि शीळ घालत होता. धाकट्याने चावी घेतली. ती आकड्यावर नव्हती, मशीनच्या पाटावर होती. घाईत त्याने त्याचा अर्थ लावला नाही. नवं ड्रिल चकात धरलं, चावी फिरवून आवळलं. थोरला चहा घेऊन दारात आला. आता कप स्टीलचा होता, वहिनीने सगळे कप स्टीलचे केले होते. त्याने विचारलं, गाडीवाल्याला काय सांगू. धाकट्याला गाडीवाल्यावरून काहीतरी सुचलं. त्याने सांगायला सुरुवात केली. थोरल्याने कप गालाला लावला. विनोदाचं शेवटचं वाक्य जवळ आलं तसा धाकट्याचा हात हिरव्या बटणाकडे गेला.

कोपर कशाला तरी लागलं आणि नट खणखणले.

त्याने वळून पाहिलं. आकड्याला माळ लोंबत होती. पापणी सताड उघडी होती. मग चावी कुठे आहे? चावी चकात होती, दोन्ही हात पसरून थोरल्याकडे तोंड करून उभी होती. त्याचं बोट हिरव्या बटणावर टेकलेलं होतं. दाबलेलं नव्हतं, टेकलेलं होतं.

धाकट्याने बोट काढलं.

"पुढे काय?" थोरल्याने विचारलं. त्याला विनोदाचा शेवट हवा होता.

धाकट्याच्या पोटातून जो राग वर आला तो त्याचा स्वतःचा आहे हे ओळखायला त्याला वेळ लागला, इतका तो ओळखीच्या आवाजात बोलत होता. शिट्टी, लेथ बंद कर. शिट्टी, इकडे ये. ही माळ कुणी टांगली? पापणी कशाला बसवलीय, शोभेला? पाटावर चावी ठेवतोस, पाट काय चावीचं घर आहे? गाडी गेली खड्ड्यात. दादाच्या जागी तुझा मुलगा उभा असता तर टांगली असतीस? छापखान्यातले दोघे आपल्या दारात आले आणि एकमेकांकडे बघू लागले. आवाज बाईमाणसाचा नव्हता, पण शब्द तेच होते.

शिट्टी घाबरला, तरी बोलला. "भाऊ, तुम्हीच तर दाखवलंत. आपण सगळे हसलोच ना."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे धाकट्याचा राग दुप्पट झाला. त्याने माळ ओढून तोडली. नट फरशीवर सगळीकडे गडगडले. दाखवलं मी, हसलो मी, पण म्हणून लावायची? आणि हसायचं कशाला त्यात? त्यात हसण्यासारखं काय होतं? स्वतःलाच विचारावं तसा तो शिट्टीला विचारत होता. थोरल्याने नेहमीप्रमाणे समजूत घातली, की जाऊ दे रे, झालं तर काही नाही ना.

"झाल्यावर रडायचं असतं, दादा." धाकटा ओरडला. "तुला कळतं का, कुठे उभा आहेस तू?"

थोरल्याने आधी मशीनकडे पाहिलं, मग चकाकडे, मग हातातल्या कपाकडे. त्याने कप गालावरून खाली घेतला. तो दोन पावलं बाजूला सरकला. इतक्या दिवसांनी त्याला पहिल्यांदा कळलं असावं.

वहिनी मागच्या दारातून आली होती. हातात मोजपट्टी, कानावर खडू. फरशीवरचे नट चुकवत ती पुढे आली आणि थांबली. सगळ्यांना वाटलं, आता हिची पाळी. धाकट्याने तिला पाहिलं तसा त्याला आणखी जोर आला. आता बाजू त्याची होती. इतके दिवस जिच्यावर धुसफुसलो तीच आता आपल्या पाठीशी उभी राहणार, पाठ थोपटणार, निदान 'ठीक'हून एक शब्द जास्त बोलणार. कपाळाचा घाम बाहीने पुसत, दम घेत तो तिच्याकडे वळला. एक हात मशीनवर, दुसरा शिट्टीकडे रोखलेला.

"वहिनी, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "माझं काही चुकतंय का?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने त्याच्या खांद्यावरून मशीनकडे पाहिलं.

"आधी चावी काढा, भाऊजी, मग ओरडा."